अंथरुणातून उठवणारं घड्याळ: घेण्याआधी आणि घेतल्यावर

सोलापूर स्टेशनवरून सकाळी ६.०५ ला वंदे भारत सुटते आणि ६.३० ला हुतात्मा एक्सप्रेस. माझी नोकरी पुण्यात, घर सोलापुरात. त्यामुळे दर सोमवारी यांतली एक गाडी धरणं भाग. पहिली हुकली तर दुसरी आहेच, अशी स्वतःची समजूत घालत एका सोमवारी मी दोन्ही चुकवल्या. उशाशी मोबाईल होता. त्यात साडेचारपासून दर पाच मिनिटांनी असे सहा गजर लावले होते आणि सहाही मीच बंद केले होते. एकही आठवत नव्हता. आई म्हणाली, "मला वाटलं तू उठलास. 'हो, उठलो' म्हणून बोललास की माझ्याशी!"

त्या दिवसानंतर दीड वर्षात मी पाच तऱ्हेचे गजर वापरून पाहिले. एक मोडला, एक घरच्यांनी बंद करायला लावला, दोन टिकले. पहाटेची गाडी, पहिली पाळी, होस्टेलवरचा अभ्यास किंवा नळाचं पाणी, यांपैकी कशासाठीही उठायचं असेल आणि उठणं होत नसेल, तर माझे पैसे जिथे वाया गेले तिथे तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

१. आधी ठरवा: ऐकू येत नाही, की उठवत नाही?

या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि दुकानदार दोन्हींवर एकच औषध देतो: जास्त मोठा आवाज. घरातल्या कुणालातरी दोन दिवस लक्ष ठेवायला सांगा. गजर तुम्ही स्वतः बंद करत असाल, तर तुमचे कान ठीक आहेत. आवाज वाढवून काही होणार नाही.

हे मला आधीच कळायला हवं होतं. आमचं घर पूर्व भागात, यंत्रमागाच्या कारखान्याला भिंत लागून. रात्रपाळीत टॉवेलचे माग खटखट चालू असायचे आणि आम्ही भावंडं त्यातच ढाराढूर. पाहुणे आले की रात्रभर कूस बदलायचे. आम्हाला जाग यायची ती लाईट गेली की. माग थांबले, शांतता झाली, की अख्खी गल्ली डोळे चोळत बाहेर. कान आवाजाला सरावतो, त्याला जाग आणतो तो बदल. म्हणून मोठ्या आवाजाचं घड्याळ पहिला आठवडा उठवतं आणि दुसऱ्या आठवड्यात तुमच्या स्वप्नात वाजायला लागतं.

दुसरी गोष्ट गुंगीची. गाढ झोपेतून अचानक उठवलं, तर डोकं ताळ्यावर यायला साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागतो. त्या वेळात 'अजून पाचच मिनिटं' हा निर्णय घेणारा माणूस रात्री गजर लावणारा माणूस नसतो. स्नूझचं बटण त्याच माणसासाठी बनलंय. १९५६ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक-टेलिक्रॉनने ते घड्याळावर आणलं आणि तेव्हापासून माणूस झोपेचे तुकडे करून खातोय. आपल्याला घड्याळाकडून एकच काम करून घ्यायचंय: ते बंद करायचं तर दोन्ही पाय जमिनीला लागलेच पाहिजेत.

आणि एक स्पष्ट सांगतो. रात्री एक वाजता झोपून साडेचारला उठायचं असेल, तर कुठलंही घड्याळ घेऊ नका, पैसे वाचवा. मोठ्या माणसाला रात्रीची किमान सात तास झोप लागते. ती मिळूनही दिवसभर पेंग येत असेल, घोरणं जोरात असेल, मधेच श्वास अडकल्यासारखं होत असेल, तर घड्याळाच्या दुकानात नाही, डॉक्टरकडे जा.

२. प्रकार समजून घ्या

झोपाळू माणसाला उठवायची धडपड जुनी आहे. हव्या त्या वेळेला लावता येणाऱ्या गजराच्या घड्याळाचं पेटंट फ्रान्समध्ये आंत्वान रेदिए याने १८४७ मध्ये घेतलं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात झोपलेल्याला खाली उतरवणारा पलंग मांडला होता. १८८२ मध्ये सॅम्युअल ॲपलगेट नावाच्या अमेरिकन माणसाने बुचांचे तुकडे लटकवलेली चौकट पेटंट केली. ठरल्या वेळी ती थेट झोपलेल्याच्या तोंडावर पडायची. आपलं काम एवढ्या थराला जाणार नाही.

पळणारं घड्याळ. मूळचं 'क्लॉकी', अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये शिकत असताना गौरी नंदा हिने बनवलेलं. दोन मोठी चाकं, मधे घड्याळ. पहिल्यांदा वाजतं, तुम्ही स्नूझ दाबता, मग पुन्हा वाजायची वेळ झाली की टेबलावरून उडी मारून वाकडंतिकडं पळत सुटतं. २००५ मध्ये याला अर्थशास्त्राचं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला देतात ते गमतीचं बक्षीस. लोक खरोखर उठतात, म्हणजे कामाच्या दिवसात तास वाढतात, असा त्यामागचा हिशोब. आता तशीच स्वस्त घड्याळं ऑनलाइन मिळतात. मी त्यातलंच एक घेतलं.

त्याचं काय झालं ते सांगतो, कारण हा धोका आपल्याच गावात जास्त. माझी चादर चाटी गल्लीतून घेतलेली, चांगली जाड सोलापुरी, दोन्ही टोकांना दशा सोडलेल्या. रात्री ती कॉटवरून खाली लोंबत होती. पहाटे घड्याळ टेबलावरून उतरलं, वळलं, नेमकं त्या दशांवर गेलं. चाक फिरतंय, दोरा गुंडाळला जातोय, आवाज मात्र चालूच. मी हात खाली सोडला, दशा धरून मासा ओढावा तसं ते घड्याळ वर ओढलं, बंद केलं आणि झोपलो. पाय जमिनीला लागलेच नाहीत. आसाला गुंडाळलेला दोरा ब्लेडने काढताना चाकाचा प्लॅस्टिकचा दात तुटला. त्या दिवसापासून ते एका जागी गोल गोल फिरतं.

खाली गादी टाकून झोपत असाल, तरीही हे घेऊ नका. ते पळत पळत तुमच्याच कुशीत येतं.

पायाखालची चटई. दिसायला पायपुसणं, आत दाबाचं बटण. तिच्यावर काही सेकंद सलग उभं राहिल्याशिवाय आवाज थांबत नाही. मला हा प्रकार सगळ्यात पटला. फरशी स्वच्छ आणि सपाट हवी. कॉटला लागून ठेवू नका, नाहीतर झोपल्या झोपल्या हाताने दाबायला शिकाल. मी चौथ्या दिवशी शिकलो. आता ती खोलीच्या दारात असते.

कामाला लावणारं ॲप. 'अलार्मी' या ॲपचं नाव तुम्ही ऐकलं असेल. गणितं सोडवा, फोन गदागदा हलवा, ठरलेल्या वस्तूचा फोटो काढा किंवा बारकोड स्कॅन करा, तेव्हाच गजर थांबतो. गणित निवडू नका. सतराचा पाढा मी झोपेत म्हणू शकतो, हे मला त्यामुळे कळलं. बारकोड निवडा, आणि तो दुसऱ्या खोलीतल्या वस्तूचा. माझा स्वयंपाकघरातल्या चहाच्या पुड्यावरचा आहे. पुडा हातात आला की पुढचं काम आपोआप सुचतं. फक्त पुडा संपला की घरच्यांनी तो टाकून देऊ नये, एवढं सांगून ठेवा. नव्या पुड्यावर दुसऱ्या कंपनीचा बारकोड असला, तर पहाटे पाचला कचऱ्याची बादली उपसावी लागते.

उशीखालची थरथर. गोल चकती, वायरने घड्याळाला जोडलेली. ऐकू न येणाऱ्यांसाठी हे खरं साधन आहे, आणि ज्याला एकाच खोलीत चौघांना न उठवता उठायचंय त्यालाही बरं. कापसाच्या जाड गादीखाली ठेवलं तर थरथर गादीच खाऊन टाकते. उशीच्या अभ्र्यात ठेवा. पण बंद करायचं बटण हाताशी राहतं, म्हणून एकट्याने पुरत नाही.

टायमरचा सॉकेट. हा घड्याळाच्या दुकानात मिळत नाही, इलेक्ट्रिकच्या दुकानात मागा. चोवीस तासांची तबकडी, तिच्या कडेला दर पंधरा मिनिटांची एक अशा ९६ खिट्ट्या. कूलर किंवा टेबलफॅन यावर लावायचा आणि पहाटे साडेचारला बंद होईल अशा खिट्ट्या लावायच्या. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात कूलर थांबल्यावर कोण झोपून राहील? दहा मिनिटांत घाम, पंधराव्या मिनिटाला डास. आमच्या यंत्रमागाचंच तत्त्व, चालू आवाज बंद झाला की जाग.

यात एक पक्का खड्डा आहे. ही तबकडी विजेवर फिरते. रात्री अर्धा तास लाईट गेली की टायमर अर्धा तास मागे पडतो, आणि साडेचारचा कूलर पाचला बंद होतो. वादळी पावसाच्या दिवसांत रोज रात्री तबकडी घड्याळाशी जुळवून घ्या. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ त्याच खोलीत झोपत असेल, तर हा प्रयोग करू नका. थंडीत याचा उपयोग शून्य, उलट पंखा थांबला की झोप जास्त गोड.

बादली. फुकट, आणि माझ्या मते सगळ्यांचा बाप. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि कधी कधी अवेळी. आई रात्री नळाची तोटी उघडी ठेवून खाली स्टीलची रिकामी बादली उलटी घालते, बुडावर एक ताटली. आधी नळ नुसता फुसफुसतो, त्यात हवा असते. मग एक गुळणी, मग थांबतं, आणि नंतर पाणी एकदम ताटलीवर आदळतं. तो आवाज बंद करायचं बटण नाही. उठावं लागतं, मोरीपर्यंत जावं लागतं, बादली सुलटी करावी लागते, आणि तोवर तुम्ही जागे झालेले असता, कारण पायावर गार पाणी उडालेलं असतं. नाही उठलात तर पाणी वाया जातं आणि शेजारीण दोन दिवस बोलत नाही. एमआयटीला न जाता आईने हे कधीपासून चालवलंय. अर्थात, पाणी तुमच्या वेळेला येत नाही, पाण्याच्या वेळेला तुम्ही उठता.

३. लागणारं सामान

- साधं टेबलावरचं गजराचं घड्याळ, सेलवर चालणारं. मोरबीच्या ओरपॅट कंपनीचं किंवा तसलं कुठलंही चालेल. सोलापूरच्या नवी पेठेत सहज मिळतं.
- वर सांगितलेल्यांपैकी एकच 'उठवणारं' साधन. दोन एकदम घेऊ नका.
- नवे अल्कलाइन पेन्सिल सेल, एक जोडी लावायला, एक जोडी कपाटात.
- दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप.
- बारकोड असलेली एक वस्तू, जी घरात कायम एका जागी असते.
- पाण्याचा तांब्या, रात्रीच भरून ठेवलेला.

४. विकत घेताना

दुकानात डबा उघडून, सेल घालून, गजर वाजवून बघा. टिकटिक करणारं घड्याळ वाजेलच असं नाही. काटे फिरवायला अगदी थोडी वीज लागते, गजराला बरीच जास्त. त्यामुळे सेल अर्धमेला झाला की घड्याळ वेळ बरोबर दाखवतं आणि पहाटे नुसतं कण्हतं. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. काही घड्याळांचा आवाज त्यानेही बसतो.

काट्याच्या घड्याळात गजराचा काटा पाच-दहा मिनिटं पुढेमागे असतो. हा दोष नव्हे, ती त्याची जात आहे. पहिल्या दिवशीच बघून ठेवा की पाचवर लावलं तर प्रत्यक्षात किती वाजता वाजतं. आणि त्याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. सकाळी मागचं बटण खाली केलं नाहीत तर संध्याकाळी पाचलाही वाजेल, घरी कुणी नसताना.

ऑनलाइन घेताना परत करायची मुदत बघा आणि ती मुदत संपायच्या आत सात पहाटे वापरून टाका. मी मागवलेली पहिली चटई पाचव्या दिवशी मुकी झाली, परत करायची मुदत आदल्याच दिवशी संपली होती आणि विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. दुसरी घेताना मी रोज तारखा मोजत होतो.

५. जागा ठरवा

इथेच बहुतेकांचं चुकतं. घड्याळ चांगलं असतं, जागा वाईट असते. रात्री दिवा लावून अंथरुणावर आडवे व्हा, दोन्ही हात जमतील तितके लांब करा. जिथवर बोटं पोचतात, त्याच्या पलीकडे किमान चार पावलं. आमच्यासारख्या दहा बाय दहाच्या खोलीत ते शक्य नसेल, तर खोलीबाहेर ठेवा. स्वयंपाकघराचा कट्टा ही माझी आवडती जागा, कारण तिथे दिवा लावल्याशिवाय काही दिसत नाही, आणि दिवा लागला की अर्धं काम होतं.

वाटेत पाण्याची पिंपं, स्टूल, खाली झोपलेला भाऊ असं काही नको. गुंगीत माणूस धडपडतो. मी भावाच्या पोटावर पाय दिला होता, तेव्हा घरातले सगळेच उठले.

चटई किंवा घड्याळ टेपने फरशीला चिकटवा. न चिकटवलेली चटई तुम्ही पायाने ओढून अंथरुणाजवळ आणाल. आज हसाल, पण आणाल.

६. रंगीत तालीम, दुपारी

रविवारी जेवण झाल्यावर, शेंगाची चटणी आणि भाकरी पोटात गेल्यावर, डोळे जड होतात ना? तीच वेळ. वीस मिनिटांनी वाजेल असा गजर लावा आणि खरंच झोपा. उठून, चालत जाऊन, बंद करून परत या. काय अडलं ते लिहून ठेवा. पायात चप्पल अडकली, दिव्याचं बटण सापडलं नाही, ॲपने कॅमेऱ्याची परवानगी मागितली, हे सगळं दुपारी कळलेलं बरं.

७. फोनच गजर असेल तर

- गजराचा आवाज आणि गाण्यांचा आवाज यांची पट्टी वेगळी असते. एक वाढवली म्हणजे दुसरी वाढत नाही.
- बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला मोकळीक द्या. नाहीतर रात्री फोन त्याला झोपवतो, आणि तुमच्याआधी तेच झोपतं.
- चालू ॲप पुसून टाकायची सवय असेल, तर गजराचं ॲप सोडून पुसा.
- रात्री अपडेट होऊन फोन आपोआप बंद-चालू झाला, तर काही ॲप लॉक उघडेपर्यंत वाजत नाहीत. आपोआप अपडेट होणं बंद ठेवा.
- चार्जरचं बटण लावलंय का, हे डोळ्यांनी बघा. आमच्या एक्स्टेंशन बोर्डाचं बटण धक्क्याने बंद होतं. मी एकदा चार टक्क्यांवर झोपलो होतो.

८. घरच्यांशी बोलून घ्या

पहाटे साडेचारला किंचाळणारी वस्तू घरात आणताय, हे कबूल करा. आमच्याकडे ठरलंय ते असं: गजर सोमवारीच, आणि दोन मिनिटांत बंद झाला नाही तर मला तांब्यातलं पाणी मारायची आईला मुभा. होस्टेलवर असाल तर खोलीतल्या मित्राला आधी विचारा, नाहीतर "काय बे, रोजचं नाटक आहे का तुझं?" हे ऐकावं लागेल, आणि तो बरोबर असेल. तिथे उशीखालची थरथर आणि दाराशी चटई, एवढंच लावा.

एक अट मात्र घाला: घरच्यांनी हाक मारून उठवायचं नाही. हाकेला 'हो' म्हणता येतं. मी म्हणालोच होतो.

९. उठल्यावर

आवाज बंद केला की लगेच धावू नका. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे किंवा उठताच चक्कर येते त्यांनी तर मुळीच नाही, आणि अशांनी दचकवणारा आवाज टाळून थरथरीचा किंवा हळूहळू वाढणारा गजर घ्यावा. मिनिटभर बसा, तांब्यातलं पाणी प्या, मोठा दिवा लावा. मेमध्ये पावणेसहालाच उजाडतं, तेव्हा गच्चीचं दार उघडलं तरी पुरतं. जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, सूर्य सातच्या सुमारास येतो, तेव्हा दिव्याशिवाय गत्यंतर नाही.

अंथरूण तेव्हाच गुंडाळून कपाटात टाका. सोलापुरी चादर थंडीच्या पहाटे जवळ दिसली की संपलं.

१०. गाडीच्या आदल्या रात्री

अशा दिवशी दोन गजर, पण दोन वेगळ्या जिवांवर जगणारे. एक सेलवरचा, एक फोनवरचा. दोन्ही फोनवर नकोत आणि दोन्ही विजेवर नकोत. दोघांत दहा मिनिटांचं अंतर, आणि दुसरा पहिल्यापेक्षा लांब ठेवलेला. गाडीची वेळ आदल्या दिवशी रेल्वेच्या ॲपवर पुन्हा बघा, वेळापत्रकं बदलतात. रिक्षा रात्रीच सांगून ठेवा. साडेपाचला दारात रिक्षावाला भोंगा वाजवतोय म्हटल्यावर उठणं हा तुमचा एकट्याचा प्रश्न राहत नाही.

आणि त्याच पहाटे पाण्याचाही वार असेल, तर बादली तुमच्या नावावर घेऊ नका. गेल्या महिन्यात मी सव्वाचारला पिंपं भरायला उठलो, भरली, वेळ आहे म्हणून जरा टेकलो, आणि चटईचा गजर तर मी पाण्यासाठी उठलो तेव्हाच बंद करून बसलो होतो. हुतात्मा मिळाली, शेवटच्या डब्यात चढून.